हलक्याफुलक्या गोष्टी कानांनी वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे अडीच तास. त्यात संध्याकाळचा स्वयंपाक आणि रविवारची आवराआवर धरली, तर माझं निम्म्याहून जास्त वाचन आता कानांनी, म्हणजे ऑडिओबुकं ऐकून होतं. ऐकते त्यात ड्रॅगन असतात, भरकटलेली अंतराळयानं असतात, एकमेकांवर चिडता चिडता प्रेमात पडणारी माणसं असतात. मैत्रिणी, शेजारी आणि डब्यातल्या सहप्रवासी याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

हलकीफुलकी गोष्ट म्हणजे उथळ गोष्ट का?

अजिबात नाही. हलक्याफुलक्या गोष्टीत शिरताना एक भरवसा असतो, की लेखक आपल्याला मधेच वाऱ्यावर सोडणार नाही. भांडणं होतील, शाप लागतील, यानाचं इंधन संपेल, पण शेवटी माणसं एकमेकांपाशी पोचतील. शेवट ठाऊक असूनही पुढे काय होतंय याची ओढ लावायची, हे काम फार कसबी आहे. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि हे काही परक्या घरून आलेलं नाही. मराठी कादंबरी जेमतेम उभी राहत होती तेव्हा, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली ती अद्भुतरम्यच होती. अद्भुत आणि प्रेम ही जोडी आपल्याकडे तेव्हापासूनची. इंग्रजीत सध्या ‘कोझी फॅन्टसी’ म्हणून जे गाजतंय, त्यात युद्धाऐवजी बेकरी, चहाचं दुकान, गावातलं ग्रंथालय आणि तिथे येणारी जादूची माणसं असतात. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या ‘लेजंड्स अँड लाटेज’मधली (२०२२) लढवय्यी ऑर्क (राक्षसकुळातली नायिका) तलवार भिंतीला टांगते आणि कॉफीचं दुकान काढते. हे बाल्ड्री पेशाने ऑडिओबुकांचे निवेदक, आणि स्वतःच्या या कादंबरीचं वाचनही त्यांनीच केलंय. दुसऱ्यांची पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या माणसाने लिहिलेली वाक्यं तोंडात किती सहज बसतात, हे ऐकताना जाणवतं.

ऐकलं म्हणजे वाचलं असं मानायचं का?

मी मानते. २०१९ मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या, आणि दोन्ही वेळा मेंदूत शब्दांचा अर्थ कुठे कुठे उमटतो याचे नकाशे काढले. दोन्ही नकाशे जवळजवळ सारखेच निघाले. प्रयोग छोटा होता, त्यामुळे त्यावरून सगळंच सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण माझी आजी चातुर्मासात शेजारच्या काकूंकडे पोथी ऐकायला जायची आणि घरी येऊन ‘आज पाचवा अध्याय वाचला’ असं म्हणायची. ‘ऐकला’ म्हणायची नाही. तिला हा प्रश्न पडला नव्हता.

पल्लेदार वर्णनं आणि मागेपुढे उलगडणारी गुंतागुंतीची कथानकं मात्र मी अजूनही कागदावरच वाचते. हलक्या गोष्टींचं तसं नसतं. त्या संवादांवर चालतात, आणि संवाद कानात जास्त खुलतो.

लावलं की पाच मिनिटांत माझं लक्ष उडतं. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि विचारणारे जवळजवळ सगळे खुर्चीत नुसतं बसून ऐकत असतात! हात रिकामे असले की मन भटकतं. हातांना असं काम द्या की ज्यात डोकं लागत नाही: मेथी निवडणं, मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, इस्त्री, रोजच्या रस्त्याने चालणं. ज्या कामात शब्द लागतात, त्यात मात्र ऐकू नका. मेसेज लिहिता लिहिता गोष्ट ऐकता येत नाही. दोन्ही एकाच दारातून आत येऊ पाहतात आणि दारातच अडकतात.

दुसरं म्हणजे, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सोसायची. निवेदकाचा आवाज आपल्या कानात बसायला तेवढा वेळ लागतोच. नाटकाला गेल्यावर पहिला प्रवेश कसा आसनं शोधणाऱ्यांच्या गडबडीत जातो, तसंच हे. लक्ष उडालं तर स्वतःला दोष देऊ नका. जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये दहा, पंधरा किंवा तीस सेकंद मागे नेणारं बटण असतं, ते न लाजता वापरा. मी एकेका प्रकरणात ते पाच-सहा वेळा दाबते.

आणि पहिल्याच दिवशी वीस तासांची कादंबरी उचलू नका. पाऊण तासाची एखादी कथा पूर्ण ऐकून झाली की जो आनंद होतो, तोच पुढच्या पुस्तकाकडे नेतो.

पुस्तक किती तासांचं असतं, याचा अंदाज कसा घ्यायचा?

इंग्रजी वाचनाचा ढोबळ हिशेब तासाला नऊ हजार शब्दांच्या आसपास. म्हणजे नव्वद हजार शब्दांची कादंबरी साधारण दहा तासांची. हलक्या प्रेमकथा बहुतेक आठ ते दहा तासांत बसतात. अद्भुतकथा सहज त्याच्या दुप्पट होतात, कारण तिथे आधी एक अख्खं जग उभं करायचं असतं.

निवेदक चांगला आहे हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

मी पुस्तक निवडताना मुखपृष्ठाकडे बघतही नाही, आधी आवाज ऐकते. गोष्ट बरी आणि आवाज उत्तम असेल तर पुस्तक तरून जातं. गोष्ट उत्तम आणि आवाज कंटाळवाणा असेल तर मी दुसऱ्या प्रकरणातच खाली उतरते.

नमुना म्हणून जी पाच मिनिटं ऐकायला मिळतात, त्यात संवाद येईपर्यंत थांबा. वर्णन कुणीही बरं वाचतं. खरी परीक्षा दोन माणसं बोलायला लागल्यावर होते. पुरुष निवेदक नायिकेसाठी आवाज चिरका करतो का, किंवा स्त्री निवेदक नायकासाठी ओढूनताणून घसा खोल करते का, ते बघा. जाणत्या निवेदकाला आवाज बदलावा लागत नाही, तो फक्त लय बदलतो. एक पात्र वाक्य संपवायच्या आधी श्वास घेतं, दुसरं शेवटचा शब्द थोडा लांबवतं, आणि कोण बोलतंय हे आपल्याला ‘ती म्हणाली’ यायच्या आधीच कळतं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. गोष्ट मालवणची असेल आणि आजोबा ‘खंय चललंस?’ म्हणत असतील, तर तो हेल निवेदकाच्या घरातला असला पाहिजे. नागपूरच्या टपरीवरचा ‘काय करून राह्यला बे?’ पुण्याच्या सुरात आला की प्रेमकथेतला सगळा रस आटतो. असा उसना हेल पहिल्या वाक्यातच ओळखू येतो. त्यापेक्षा निवेदकाने सरळ प्रमाण मराठीत वाचावं, ऐकणारा तो हेल मनात घालून घेतो.

मालिका असेल तर सगळ्या भागांना एकच निवेदक आहे ना, तेही पाहून घ्या. तीन पुस्तकं जिच्याबरोबर काढली ती नायिका चौथ्यात वेगळ्याच आवाजात बोलू लागली, की घरात अनोळखी माणूस आल्यासारखं वाटतं.

एकच निवेदक चांगला की अनेक कलाकार?

प्रेमकथेत दोन आवाज मला आवडतात, विशेषतः एक प्रकरण तिचं आणि एक त्याचं अशी रचना असेल तर. अद्भुतकथेत एकच आवाज हवा. आजी गोष्ट सांगायची तेव्हा राजाही तीच आणि राक्षसही तीच असायची.

पूर्ण नाट्यरूप, म्हणजे पार्श्वसंगीत, दारांचे आवाज, पाऊस वगैरे, ही आपल्या श्रुतिकेची धाकटी बहीण. ज्यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचं ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलंय, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ज्यांच्या स्वयंपाकघरात येऊन जायचे, त्यांना नाट्यरूपच चटकन आवडतं. लोकलमध्ये मात्र ते ऐकू नका. गाडीच्या खडखडाटात पार्श्वसंगीत आणि शब्द एकमेकांत मिसळून जातात.

दीडपट-दुप्पट वेगाने ऐकलं तर वेळ वाचतो. मग का नाही ऐकायचं?

वेळ वाचतो हे खरंच. दहा तासांचं पुस्तक सव्वापट वेगाने आठ तासांत, दीडपट वेगाने सहा तास चाळीस मिनिटांत आणि दुप्पट वेगाने पाच तासांत होतं. आवाज चिरकाही होत नाही, कारण ॲप स्वर तसाच ठेवून फक्त काळ आक्रसतं. माहितीपर पुस्तकं मीसुद्धा दीडपट वेगाने ऐकते.

पण विनोद? समजा, एका गोष्टीत राक्षस झाडामागून बाहेर येतो आणि मुलीला म्हणतो, ‘मी तुला खाणार आहे.’ निवेदक थांबतो. एक सेकंद, जास्तीत जास्त सव्वा. त्या सेकंदात आपण मुलीचा चेहरा बघतो, ती आता किंचाळणार असं धरून चालतो. मग तिचा आवाज येतो: ‘आधी हात धू.’

हा अख्खा विनोद त्या एका सेकंदात राहतो. दुप्पट वेगात त्याचा अर्धा सेकंद होतो. भीती वाटायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि भीती वाटली नाही तर हसूही येत नाही. काही ॲपांमध्ये मधल्या शांत जागा आपोआप कापायची सोय असते. ती लावली तर राक्षस आणि मुलगी जवळजवळ एका दमात बोलतात. शब्द सगळे कानावर पडतात, गोष्ट मात्र निसटते. प्रेमकथेतही हेच. ‘तू थांबशील?’ आणि ‘हो’ यांच्या मधल्या जागेसाठी तर आपण आठ तास ऐकलेलं असतं!

म्हणून माझा आग्रह इतकाच: निवेदक फारच संथ वाटला तर सव्वापटीपर्यंत जा, त्याच्या पुढे नको. आणि शांत जागा कापणारी सोय अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि प्रेमकथा या तिन्ही प्रकारांसाठी कायमची बंद ठेवा.

अद्भुतकथेतली विचित्र नावं कानाने लक्षात राहत नाहीत. उपाय?

पहिल्या तासात नावं पाठ करायला जाऊ नका. आवाज पाठ करा. खरखरीत बोलणारा तो सेनापती, भरभर बोलणारी ती चेटकीण, एवढं पुरतं. नावं मागाहून आपोआप चिकटतात. अनेक पुस्तकांसोबत नकाशा किंवा पात्रांची यादी ॲपमध्ये जोडलेली असते, ती एकदा उघडून बघावी. एका बाबतीत तर ऐकणाऱ्यांना फायदाच आहे. छापील पानावरचं लांबलचक परकं नाव आपण नजरेनेच ओलांडून जातो, इथे कुणीतरी त्याचा उच्चार आपल्यासाठी ठरवून ठेवलेला असतो.

विज्ञान फारसं येत नाही. विज्ञानकथा झेपेल का?

नक्की झेपेल. हलकी विज्ञानकथा एकाच ‘समजा’वर उभी असते. समजा, कृष्णविवराच्या अगदी जवळ जाऊन आलेल्या माणसाच्या घड्याळात थोडाच वेळ गेला आणि घरी मात्र वर्षानुवर्षं उलटली. तो घरी आल्यावर बायकोला काय सांगेल? प्रबळ गुरुत्वाकर्षणात काळ मंद चालतो एवढी एक गोष्ट पटली की बाकीचं सगळं नात्यांचं असतं, आणि नाती आपल्याला कळतात.

जयंत नारळीकरांनी त्यांची पहिली विज्ञानकथा, ‘कृष्णविवर’, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. त्यांच्या ज. वि. ना. या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव तयार केलं होतं. आपल्या नावाच्या वजनाशिवाय गोष्ट टिकते का हे त्यांना बघायचं होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले तेव्हा मी पुन्हा त्यांच्या कथांकडे वळले. बोलल्यासारखी साधी वाक्यं, एका वाक्यात एकच कल्पना. मोठ्याने वाचायला इतकं सोयीचं गद्य मराठीत फार नाही. घरात कुणी वाचून दाखवणारं असेल तर तेही ऑडिओबुकच समजा.

विनोदी विज्ञानकथेचं तर कानाशी जन्माचंच नातं आहे. डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ आधी पुस्तक नव्हती. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर तिचा पहिला भाग लागला, पुस्तक आलं १९७९ मध्ये.

प्रेमकथा ऐकते हे सांगायला संकोच वाटतो.

हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण हा संकोच फक्त प्रेमकथेच्याच वाट्याला येतो. खुनाच्या गोष्टी ऐकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दोन माणसं एकमेकांना समजून घेतात, चुकतात, माफी मागतात, पुन्हा जवळ येतात. दिवसभर माणसांशी झगडून आल्यावर हे ऐकावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. माझ्या डब्यात एक नर्स होती. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने परतायची, आणि फक्त सुखान्त प्रेमकथा ऐकायची. तिने सांगितलेलं कारण माझ्या लक्षात राहिलंय: ‘ताई, वॉर्डात शेवट माझ्या हातात नसतो.’

एक व्यवहारातली सूचना. प्रेमकथांमध्ये प्रणयप्रसंग किती उघड असतील हे वर्णनावरून नेहमीच कळत नाही. मुलं किंवा सासूबाई जवळपास असतील तर स्पीकरवर लावू नका.

मराठीत पुरेसं ऐकायला आहे का?

दहा वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ मध्ये भारतात आली ती पहिल्यापासून मराठी घेऊनच, आणि त्यानंतर फक्त ऐकण्यासाठी लिहिलेल्या मराठी मालिकाही येऊ लागल्या. प्रेमकथा भरपूर मिळतात. विज्ञानकथा बऱ्यापैकी. आजच्या काळातली, मोठ्यांसाठीची, हसरी अद्भुतकथा मात्र फार कमी. चेटकीण कोकणातल्या एखाद्या वाडीत खानावळ चालवतेय अशी मालिका कुणी लिहिली तर मी पहिल्या दिवशी ऐकेन.

इंग्रजी ऐकायचंय, पण उच्चार कळत नाहीत.

आधी ओळखीची गोष्ट घ्या. चित्रपट पाहिलेला असेल किंवा लहानपणी मराठी अनुवाद वाचलेला असेल अशी. भा. रा. भागवतांनी आपल्यापैकी अनेकांची जूल व्हर्नशी ओळख मराठीतून करून दिली, त्यामुळे तिथे कथानक ठाऊक असतं आणि कान फक्त भाषेकडे लावता येतात. पहिला तास पाऊणपट वेगाने ऐका, मग नेहमीच्या. वेग कमी करायलाही ते बटण असतं, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

पैसे न देता, पण कायदेशीर मार्गाने काय ऐकता येईल?

लिब्रीव्हॉक्स हे संकेतस्थळ. २००५ पासून जगभरचे स्वयंसेवक तिथे स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून विनामूल्य ठेवतात. बहुतांश इंग्रजी आहे. व्हर्न, एच. जी. वेल्स, जेन ऑस्टेन सगळे भेटतात. एकाच पुस्तकाची दोन-तीन वाचनंही असतात, तेव्हा आवाज बघून निवडा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइली घेऊ नका. मराठी निवेदक तासन्‌तास बंद खोलीत, पंखासुद्धा बंद ठेवून वाचत असतो. त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळाले तरच पुढचं पुस्तक होईल.

डेटा किती जातो?

६४ केबीपीएस दर्जाला तासाला सुमारे २९ एमबी, म्हणजे दहा तासांचं पुस्तक तीनशे एमबीच्या आत. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची तेव्हा नेमकं महत्त्वाचं वाक्य तिथे अडकायचं, हा माझा अनुभव आहे.

घरातल्या वयस्कर किंवा कमी दिसणाऱ्या माणसांसाठी काय?

बोलती पुस्तकं मुळात त्यांच्यासाठीच सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये अंध वाचकांना ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पुस्तकं पाठवायला सुरुवात झाली. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकांची सुलभ रूपं करायला मोकळीक देणारा मराकेश करार २०१३ चा, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. आपल्याकडे २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. दृष्टिदोष असलेल्यांना तिथे नोंदणी करता येते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला काही दिवस वाचायला मनाई होती. मी तिला एका म्हाताऱ्या ड्रॅगनची गोष्ट लावून दिली. हिरवी पट्टी डोळ्यावर, मांडीवर लसणाचं ताट, आणि सोलता सोलता मधेच तिचा हात थांबला. ड्रॅगनला थंडी वाजत होती. ‘त्याला कुणी काही पांघरायला का देत नाही?’ आई म्हणाली. मोबाइलची छोटी बटणं तिला जमत नव्हती, म्हणून मी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला, सुरू-बंद करायचं एकच मोठं बटण असलेला. तुम्हीही तसाच आणा.

यंत्राने वाचलेलं ऐकावं का?

जे पुस्तक माणसाच्या आवाजात नाहीच, त्यासाठी यंत्र हा आधार आहे. पण मराठी यंत्राला अजून अवघड जाते. ‘सगळं जग झोपलंय’ मधला ‘ज’ वेगळा आणि ‘तू मनासारखं जग’ मधला वेगळा. लिहायला दोन्ही एकच. माणूस अर्थ बघून वाचतो म्हणून चुकत नाही. प्रेमकथेच्या ऐन प्रसंगात चुकीचा ‘ज’ आला तर काय होतं, ते मी ऐकलंय.

झोपताना ऐकलं तर चालेल?

चालेल. वीस मिनिटांचा स्लीप टायमर लावा आणि एकदा ऐकून झालेलंच पुस्तक निवडा. नवीन असेल तर जागरण होतं.

कानांना त्रास?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा, मुलांसाठी ७५ डेसिबल. गोष्ट ऐकायला एवढा मोठा आवाज खरं तर लागतच नाही. आपण तो वाढवतो बाहेरच्या गोंगाटामुळे. म्हणून कानात नीट घट्ट बसणारे इअरफोन घ्या, आवाज आपसूक खाली येतो. दुचाकी चालवताना आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे ठेवा.

अर्धवट सोडलं तर?

सोडा. मी तासाभराची संधी देते. कधी कधी वर्षभराने तेच पुस्तक पुन्हा लावते आणि या वेळी आवडतं.